मोजमाप करणारी बाई

(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



चिटणीसबाई आठ दिवसांपूर्वी घरी आल्या आणि म्हणाल्या, "यंदा तुम्ही बोलायचे." मी सरळ नाही म्हटले. माझे शिक्षण सातवीपर्यंत. मंडळात आजवर मी केले काय, तर भजनात टाळ धरले आणि संक्रांतीला तिळाच्या वड्या थापल्या. भाषणे करणाऱ्या बायका निराळ्या असतात. पण त्या उठेनात. म्हणाल्या, "गेल्या वर्धापनदिनाला तुम्ही नव्हता. का नव्हता, ते आम्हांला कोणालाच नीट ठाऊक नाही. तेच सांगा."

मग मी रात्री विचार केला. गेल्या वर्षी आम्ही आळीत सर्वांना सांगितले होते की, माझे पिशवीचे लहानसे ऑपरेशन आहे. ते खोटे होते. मला गर्भाशयाच्या मुखाचा कर्करोग झाला होता. हा शब्द चारचौघींत उच्चारताना आजही माझी जीभ जड होते. पण खोटे मी सांगितले, तेव्हा खरेही मीच सांगितले पाहिजे. तरी घाबरू नका, आज मी माझे रडगाणे गाणार नाही. मला तुम्हांला दूरदेशीच्या एका बाईची हकीकत सांगायची आहे. ती डॉक्टर नव्हती. तिने माझ्यासारख्या रोग्याच्या अंगाला कधी सुरी लावली नाही की गोळी दिली नाही. तिने मोजमाप केले. त्या मोजमापाची किंमत मला कशी कळली, तेवढे सांगते.

माझ्या आजाराची सुरुवात तुमच्यातल्या कित्येकींना ओळखीची वाटेल. पाळी नसताना अंगावर जाऊ लागले. मी सात महिने कोणालाही बोलले नाही. लेकीला नाही, ह्यांनाही नाही. वाटले, वय झाले, आता असेच व्हायचे. शेवटी एक दिवस पाणी भरताना चक्कर येऊन पडले, तेव्हा दवाखाना दिसला. तपासण्या झाल्या आणि मोठ्या शहरातल्या इस्पितळात जाऊन शेक घ्यावा लागेल, असे ठरले. शेक म्हणजे किरणांचा शेक. कोणी त्याला लाइट म्हणतात, कोणी रेडिएशन.

आम्ही नणंदेकडे बिऱ्हाड टाकले. मला वाटले होते, उद्या गेले की परवा यंत्राखाली निजवतील. पण पहिल्या दिवशी फोटो काढले, पोटावर शाईच्या खुणा केल्या, "या पुसू देऊ नका," असे बजावले आणि परत पाठवले. मग रोज विचारावे, तर खिडकीतून एकच उत्तर मिळे, "तुमची फाईल फिजिक्सला गेली आहे." असे नऊ दिवस गेले. आतून रक्त जात होते आणि फाईल कुठे तर फिजिक्सला! हे फिजिक्स म्हणजे कोण साहेब आहेत आणि ते सही का करीत नाहीत, असे मला वाटे. नवव्या दिवशी माझा धीर सुटला. कॉरिडॉरमधून एक सडपातळ मुलगी कागद घेऊन चालली होती. तिच्यावरच मी तोंड टाकले. "अगं, माणूस मेल्यावर शेक देणार का तुम्ही?"

ती मुलगी रागावली नाही. माझ्या शेजारी बाकावर बसली. म्हणाली, "काकू, तुमची फाईल माझ्याकडेच आहे. मी फिजिसिस्ट आहे."

मी विचारले, "म्हणजे डॉक्टर?"

"नाही. शेक किती द्यायचा ते डॉक्टर ठरवतात. तो नेमका तेवढाच, नेमक्या जागी पोचेल, पुढे मूत्राशय आहे, मागे आतडे आहे, त्यांना शक्य तितका कमी लागेल, याचा हिशोब आम्ही करतो. एकदा दिलेला शेक परत काढून घेता येत नाही, काकू. म्हणून आधी मोजायचे आणि मग द्यायचे."

मग तिने मला विचारले, "तुमचे वय किती?" मी म्हटले, "त्रेचाळीस." ती क्षणभर थांबली आणि म्हणाली, "सत्तरएक वर्षांपूर्वी कॅनडात एका बाईला अशीच वाट पाहावी लागली होती. वय तेच आणि आजारही तोच. मोजणारीही एक मुलगीच होती." एवढे सांगून ती कामाला गेली. ते नाव मी धाकटीला कागदावर लिहून घ्यायला लावले. पुढे शेकाच्या दिवसांत धाकटीने इंग्रजीतून वाचून काढले आणि रोज संध्याकाळी थोडे थोडे मला मराठीत सांगितले. तेच आज तुमच्यापुढे मांडते.

त्या बाईचे नाव सिल्व्हिया फेडोरुक. कॅनडात सस्कॅचवान नावाचा प्रांत आहे. गव्हाची मैलोन्‌मैल शेते आणि हिवाळ्यात हाडे गोठवणारी थंडी. तिथे कॅनोरा या गावी १९२७ साली तिचा जन्म झाला. आईवडील मूळचे युक्रेनचे. वडील एका खोलीच्या शाळेत मास्तर. एका खोलीची शाळा म्हणजे सगळ्या इयत्तांची मुले एकत्र, आपल्या वाडीवरच्या शाळेसारखीच. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात कारखान्यांत कामे निघाली, म्हणून हे कुटुंब दूर विंडसर शहरी गेले. मुलगी अभ्यासात फार हुशार. १९४६ साली ती सस्कॅटून शहरातल्या विद्यापीठात आली, पदार्थविज्ञान घेतले, १९४९ मध्ये सुवर्णपदकासह बी.ए. झाली आणि १९५१ मध्ये एम.ए. झाली.

तिचे गुरू होते हॅरॉल्ड जॉन्स. ते भौतिकशास्त्राचे प्राध्यापक, पण त्यांनी आपली सारी विद्या कर्करोगाच्या उपचाराला लावली होती. त्यांच्यापुढे अडचण काय होती, ती मी आपल्या भाषेत सांगते. त्या काळी क्ष-किरणांनी शेक देत. पण त्या जुन्या यंत्रांच्या किरणांचा सगळा जोर कातडीवरच पडे. आपण मोठ्या आचेवर जाड थालीपीठ टाकले तर काय होते? वरून करपते आणि आत कच्चे राहते. तसेच व्हायचे. रोग पोटात खोल, आणि भाजायची ती वरची कातडी. कातडी सोसेना, म्हणून शेक थांबवावा लागे आणि रोग तसाच राही. बायकांचा हा आजार तर पोटाच्या अगदी आत.

यावर उपाय म्हणून कोबाल्ट नावाची धातू पुढे आली. साधा कोबाल्ट अणुभट्टीत बराच काळ ठेवला की त्याचा कोबाल्ट ६० होतो, आणि त्यातून फार जोरकस किरण आपोआप बाहेर पडतात. या किरणांचा सर्वांत जास्त जोर कातडीवर नसतो, तर सुमारे अर्धा सेंटिमीटर आत गेल्यावर असतो. दहा सेंटिमीटर खोल गेले तरी निम्म्याच्या आसपास जोर शिल्लक राहतो. म्हणजे कातडी वाचते आणि शेक आत पोचतो. कॅनडातल्या चॉक रिव्हर येथील अणुभट्टीत असा कोबाल्ट तयार झाला. त्यातला एक तुकडा १९५१ च्या उन्हाळ्यात सस्कॅटूनला आला आणि दुसरा त्याच देशातल्या लंडन नावाच्या शहरी गेला. हे लंडन विलायतेतले नव्हे, कॅनडातले. सस्कॅटूनचे यंत्र जॉन्स यांनी आखले आणि गावातल्याच एका यंत्रशाळेत ते घडवले गेले. ऑगस्ट महिन्यात कोबाल्ट यंत्रात बसला.

आता पाहा, यंत्र तयार आहे, औषध तयार आहे, रोगी दारात बसले आहेत. आपण असतो तर काय केले असते? लगेच सुरुवात केली असती. यांनी सुरुवात केली नाही. जॉन्स आणि त्यांचे सहकारी मोजत बसले. त्यात ही चोवीस वर्षांची सिल्व्हिया होती. माणसाच्या देहात पाण्याचा अंश फार, म्हणून देहाच्या जागी पाण्याची टाकी ठेवायची. किरण मोजण्याचे एक लहानसे उपकरण तिच्यात बुडवायचे. ते थोडे खाली न्यायचे आणि आकडा लिहायचा. आणखी खाली, पुन्हा आकडा. थोडे डावीकडे, थोडे उजवीकडे. किरणांची खिडकी लहान केली तर काय होते, मोठी केली तर काय होते, यंत्र लांब नेले तर काय होते. प्रत्येक वेळी पुन्हा पहिल्यापासून. असे सुमारे अकरा आठवडे चालले. या आकड्यांचे त्यांनी कोष्टक तयार केले. कोणत्या खोलीवर किती शेक पोचतो, ते डॉक्टरांनी त्यात पाहावे.

इकडे हे मोजमाप चालू असताना लंडन शहराने २७ ऑक्टोबर १९५१ रोजी आपल्या पहिल्या रोग्याला शेक दिला. सस्कॅटूनने दिला तो ८ नोव्हेंबरला. बारा दिवसांचा फरक. जगात कोबाल्टचा असा पहिला शेक कोणी दिला, असे विचारले की नाव लंडनचे येते. लंडनच्या लोकांनी काही वावगे केले, असे मी म्हणत नाही. त्यांच्या हातूनही रोगी बरे झाले. पण मला बारा दिवसांच्या त्या फरकाचे फार वाटते. आपल्या हाताशी यंत्र आहे, जगात पहिले नाव आपले होणार आहे, आणि तरी "अजून मोजून झाले नाही" म्हणून थांबायचे, याला मोठे मन लागते. त्यांचे आकडे १९५२ साली विलायतेच्या एका मासिकात छापून आले. त्या लेखाखालच्या नावांत सिल्व्हियाचेही नाव आहे. कोबाल्टची यंत्रे पुढे देशोदेशी गेली, तेव्हा अशा कोष्टकांचा आधार सर्वांना झाला. पहिलेपणाचा मान बारा दिवसांनी गेला खरा, पण मोजलेले आकडे जगाच्या कामी आले.

आणि ८ नोव्हेंबरला त्या यंत्राखाली जी पहिली रोगी निजली, ती कोण होती? त्रेचाळीस वर्षांची, चार मुलांची आई. गर्भाशयाच्या मुखाचा कर्करोग, आणि तोही पुढे गेलेला. ती बरी झाली आणि त्यानंतर चाळीसहून अधिक वर्षे जगली. मैत्रिणींनो, धाकटीने हे वाचून दाखवले, तेव्हा मी भाजी निवडत होते. माझे हात थांबले. तिचे नाव मला ठाऊक नाही, पण त्या दिवसापासून ती मला माझ्या नात्यातली वाटते. तिलाही कोणीतरी, "अजून मोजायचे आहे, थांबा," असे सांगितले असेल. तिनेही मनात बोटे मोडली असतील. पण त्या थांबण्यातच तिचे आयुष्य होते.

ते यंत्र १९७२ पर्यंत चालले आणि त्याच्याखाली साडेसहा हजारांहून अधिक रोग्यांनी शेक घेतला. सिल्व्हियाबाईंनीही एवढ्यावर काम सोडले नाही. मोजणे एकदाच करून भागत नाही, हे मला नंतर कळले. कोबाल्टचा जोर दर महिन्याला सुमारे एक टक्का कमी होतो आणि सव्वापाच वर्षांत निम्मा होतो. समईत तेल कमी झाले की ज्योत मंदावते, तसेच हे. गेल्या वर्षी जो शेक एका मिनिटात पोचत होता, त्याला यंदा एक मिनिटाहून जास्त लागणार. हा हिशोब कोणी न चुकता ठेवायचा? फिजिसिस्टने. जॉन्स १९५६ साली टोरांटोला गेले. सिल्व्हियाबाई सस्कॅटूनलाच राहिल्या. कर्करोगाच्या त्या चिकित्सालयात त्यांनी पस्तीस वर्षे काढली. १९६६ पासून प्रांतातल्या कर्करोग चिकित्सालयांच्या भौतिकशास्त्राचे काम त्यांच्या देखरेखीखाली होते. किरणोत्सारी औषध रोग्याला देऊन, ते शरीरात कुठे साठते हे बाहेरून टिपणारे यंत्र तयार करण्याच्या कामातही त्या होत्या. विद्यापीठात त्या प्राध्यापक झाल्या आणि पुढच्या पिढीला हीच विद्या शिकवली. त्यांचे गुरू जॉन्स यांनी १९५३ साली या विषयावर जे पुस्तक लिहिले, त्याच्या पुढे तीस वर्षांत चार आवृत्त्या निघाल्या. मला वाटते, शिकवणे हेही मोजण्यासारखेच आहे. आपण गेलो तरी आकडा चुकू नये, याची ती तजवीज.

१९५० च्या सुमारास कॅनडात हे काम करणारी बाई त्या एकट्याच, असे लिहून ठेवले आहे. पण म्हणून त्या सदान्‌कदा पुस्तकात डोके घालून बसत, असे समजू नका. बर्फावर जड दगड सरकवण्याचा कर्लिंग नावाचा एक खेळ तिकडे आहे. त्यात दगड नीट जावा म्हणून खेळाडू हातात झाडू घेऊन पुढचा बर्फ घासत पळतात. हे ऐकून मी पोट धरून हसले. म्हटले, झाडू काही बाईला सुटत नाही! पण त्या झाडूने त्यांच्या संघाने १९६१ साली कॅनडाच्या बायकांची राष्ट्रीय स्पर्धा जिंकली. १९७३ मध्ये देशाच्या अणुशक्ती नियंत्रण मंडळावर गेलेल्या त्या पहिल्या स्त्री. १९८६ मध्ये विद्यापीठाच्या पहिल्या स्त्री कुलपती झाल्या. १९८८ ते १९९४ अशी सहा वर्षे त्या प्रांतात आपल्याकडच्या राज्यपालांसारखे पद त्यांनी भूषवले. तेथेही त्या पदावर बसलेल्या पहिल्या स्त्री त्याच. एका खोलीच्या शाळेतून निघालेली मुलगी कुठवर गेली पाहा. २०१२ साली पंच्याऐंशीव्या वर्षी त्या वारल्या.

आता आपल्याकडे येते. मला बाकावर बसून समजावणारी ती मुलगी ही विद्या कुठे शिकली? ती आधी पदार्थविज्ञानात एम.एस्सी. झाली, मग वर्षभराची पदविका घेतली. मुंबईला अणुशक्तीच्या केंद्रात, जे आज भाभा अणुसंशोधन केंद्र म्हणून ओळखले जाते, तेथे ही पदविका १९६२ पासून शिकवतात. त्याच केंद्राने पुढे आपल्या देशात कोबाल्टचे यंत्र बनवले आणि त्याचे नाव भाभाट्रॉन ठेवले. मला मात्र कोबाल्टचा शेक मिळाला नाही. मी ज्या यंत्राखाली निजले, ते विजेवर चालणारे लिनॅक नावाचे यंत्र होते. पण यंत्र कोणतेही असो, मोजणे सुटत नाही. पुढे मी एकदा सकाळी लवकर गेले होते. दार उघडे होते. आत तीच मुलगी, आणि मी निजत होते त्याच फळीवर पाण्याची टाकी! रोगी यायच्या आधी यंत्राचे माप ती तपासून पाहत होती. माझ्या आधी माझ्या जागी पाणी निजले होते. मी दारातूनच तिला हात जोडले. तिचे लक्ष आकड्यांकडे होते. तिला दिसले नाही.

दहाव्या दिवशी माझा शेक सुरू झाला. आठवड्याचे पाच दिवस, असे पाच आठवडे बाहेरून शेक घेतला. मग आतून देण्याचा शेक झाला. शेक देताना सगळे जण खोलीबाहेर जातात, जाड दार लागते आणि आपण एकट्या उरतो. पहिल्या दिवशी मी रामरक्षा म्हणत होते. नंतर नंतर मला एकटे वाटेना. वाटे, दाराबाहेर कोणीतरी माझा हिशोब दोनदा तपासून ठेवला आहे. त्रास झाला नाही असे नाही. जुलाब झाले, अन्न नकोसे झाले, थकवा तर अजून आहे. दर तीन महिन्यांनी दाखवायला जावे लागते. पण गेल्या खेपेला डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "सगळे ठीक आहे."

शेवटी दोन गोष्टी सांगते आणि खाली बसते.

पहिली तुमच्याबद्दल. त्या नऊ दिवसांसाठी मी एका परक्या मुलीला बोल लावले. पण माझे सात महिने कोणी घालवले? मीच. मोजणारे लोक नऊ दिवस घेतात, ते आपला जीव वाचावा म्हणून. आपण लाजेपायी महिने दवडतो, ते मात्र फुकट जातात. पाळी गेल्यावर किंवा मधल्या दिवसांत अंगावर जाऊ लागले, तर दुसऱ्या दिवशी दवाखाना गाठा. एकटीला जायचे धैर्य नसेल, तर मला हाक मारा, मी बरोबर येईन. सोमवारी आणि गुरुवारी दुपारी मी मोकळी असते.

दुसरी माझ्या घरची. आमची धाकटी यंदा बारावीला आहे. तिला पदार्थविज्ञान घ्यायचे आहे. दोन वर्षांपूर्वी मीच तिला म्हणाले होते, "मुलीला काय करायचेय फिजिक्स? त्याने पोळ्या का फुगणार आहेत?" परवा ह्यांनी तिच्या कॉलेजाची गोष्ट काढली आणि, "जवळपासचे काहीतरी बघू," असे म्हणाले. मी म्हटले, "नाही. तिला हवे ते शिकू दे. लांब जावे लागले तर लांब जाऊ दे. माझी फाईल जिथे गेली होती, तिथे माझी मुलगी गेली तर मला चालेल." हे काही बोलले नाहीत. पण दुसऱ्या दिवशी फॉर्म घेऊन आले.

 गेल्या वर्षी जे खोटे बोलले, त्याबद्दल सर्वांची क्षमा मागते. आता हळदीकुंकू आहे. पुढच्या वर्षीही मी येथेच असेन, अशी आशा धरून माझे दोन शब्द पुरे करते.